शिवूला काय काय दिलं

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. उमरगा डेपोत मी कंडक्टर आहे. दारात उभं राहून 'पुढं सरका' म्हटलेलं शेवटच्या बाकावर ऐकू गेलं नाही, तर आमची नोकरी व्हायची नाही. पण आमच्या घरात मोठ्या आवाजाचा मान माझ्याकडं कधीच नव्हता. तो माझ्या लेकीकडं होता.

शिवांजली, म्हणजे आमची शिवू, चौथीत आहे. डोळा उघडला की तिचं तोंड चालू, आणि तोंडाबरोबर हातपाय. दात घासायला म्हणून बाहेर जायची आणि ब्रश तोंडात धरून शेजारच्या म्हशीला गवत घालायची. वेणी घालायला बसवली की अर्ध्या वेणीवर उठून पळायची. शाळेतून येताना कधी डबा विसरायची, कधी चप्पल, आणि एकदा तर दप्तरच. गणित बरोबर मांडायची, पण उत्तर लिहायच्या आत खिडकीतला सरडा दिसायचा आणि गणित तिथंच राहायचं. गुपित तर तिला सांगायची सोयच नव्हती. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत. शेजाऱ्यांचा नवा फ्रीज टेम्पोतून उतरायच्या आधी तो कोणत्या रंगाचा आहे हे हिचं दारोदार सांगून झालेलं होतं.

आम्ही उमरग्याच्या जवळच्याच गावात राहतो. माझा नवरा इंद्रजित हायवेवर टायरचं दुकान चालवतो. सासरे बब्रुवानआप्पा शेती बघतात, आणि सासूबाई कस्तुराबाई घर बघतात. सासूबाईंना मी मामी म्हणते. मी ड्युटीवर गेले की शिवू या तिघांच्या ताब्यात, म्हणजे खरं तर हे तिघं शिवूच्या ताब्यात.

शाळेतल्या बाईंनीच एकदा मला थांबवून घेतलं आणि पोरीला दाखवून आणा म्हणाल्या. मला राग आला. पण बाई वाईट बोलल्या नव्हत्या, म्हणून राग गिळला आणि आम्ही दोघं शिवूला घेऊन सोलापूरला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या, खेळ खेळायला दिले, आम्हाला शंभर गोष्टी विचारल्या. मग म्हणाल्या, "याला एडीएचडी म्हणतात. मुलगी हट्टी नाही, आळशीही नाही. तिचं लक्ष एका जागी टिकत नाही, आणि शरीराला थांबणं जमत नाही. यात तुमची चूक नाही आणि तिचीही नाही."

शाळेत पुढच्या बाकावर बसवा, काम थोडं थोडं द्या, मधे उठायला मिळू द्या, झोप नीट होऊ द्या, असं त्यांनी सांगितलं. "पुढच्या भेटीत बघू. गरज वाटली तर गोळी सुरू करू," म्हणाल्या. दारापर्यंत गेल्यावर परत हाक मारून त्यांनी विचारलं, "घरचं काही देता का? चूर्ण, काढा, सरबत?" आम्ही नाही म्हणालो, आणि तेव्हा ते खरंच होतं. "देणार असाल तर आधी मला सांगा," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर बाकीचं सगळं कुणाच्या डोक्यात राहिलं नाही. राहिली ती फक्त गोळी.

"मेंदूची गोळी?" मामींनी हातातली परात खाली ठेवली. "एवढ्याशा लेकराला? आन् लोकांनला कळलं म्हंजी?"

"आजून ठरलं न्हाय, आई," इंद्रजित म्हणाला. "फुडच्या बारीला सांगत्याल."

आप्पा काहीच बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत की काहीतरी करणार असतात, हे मला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

त्या दिवशी शिवूला मी अंथरूण घालत होते, तर तिनं विचारलं, "आई, माझ्या डोस्क्यात काय बिघाड हाय?"

"काय बी न्हाय. होशील चांगली," मी म्हणाले. थकले होते, सकाळी पहिली गाडी होती. या उत्तरात काय बिघाड आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आता माझं सांगते. बसस्टँडसमोरच्या मेडिकलमधून मी शंखपुष्पीच्या सरबताची बाटली आणली. बाटलीवर हसऱ्या पोराचं चित्र होतं आणि पोराच्या डोक्यामागं सूर्य उगवत होता. वनस्पतीचं औषध आहे, गोळी थोडीच आहे, असं मी स्वतःला समजावलं. घरात सांगितलं असतं तर मामींनी बाटलीवरून घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून बाटली माझ्या ड्युटीच्या बॅगेत राहिली. ज्या दिवशी मला उशिराची गाडी असायची, त्या दिवशी शाळेला जाताना शिवूला दाराआड बोलवून चमचाभर द्यायची.

"कुणाला सांगायचं न्हाय," मी तिला म्हणायची. ती मान हलवायची.

आणि औषध लागू पडलं! म्हणजे मला तसं वाटलं. महिनाभरात पोरगी शांत झाली. वेणी पूर्ण व्हायला लागली. दप्तर घरी यायला लागलं. गल्लीतली माणसं विचारायला लागली, शिवू गावाला गेली का म्हणून. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "आता एका जागी बसते हो." मी बाटलीवरच्या सूर्याला मनोमन नमस्कार केला. घरात सगळ्यांचीच तोंडं उजळली होती. मामी उगाच गुणगुणायच्या. इंद्रजित जेवताना माझ्याकडं बघून हसायचा, आणि आप्पा मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "गोळीबिळी काय लागंना आता." सगळे एवढे खूश कशानं झालेत, हे मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं.

मग एका रविवारी मी शिवूला माझ्याबरोबर सोलापूरच्या गाडीत घेतलं. असं कधीमधी मी करते, आणि तो दिवस म्हणजे तिचा सण. येणेगूर आलं, दाळिंब आलं, जळकोट आलं, असं ती ओरडून सांगते. पाशिंजरांना माझी गरजच पडत नाही. नळदुर्ग जवळ आलं की खिडकीला नाक लावून बसते आणि किल्ला दिसला की माझा शर्ट ओढते. त्या दिवशी येणेगूर गेलं, दाळिंब गेलं. मी तिकिटं फाडता फाडता मागं वळून बघितलं, तर पोरगी खिडकीच्या गजाला डोकं टेकून झोपली होती. नळदुर्गला मी तिला हलवून उठवलं. "शिवू, किल्ला."

तिनं एक डोळा उघडला. "असू दे," म्हणाली आणि परत मिटला.

कुणी माझ्या छातीवर बुक्की मारली असती तरी एवढं लागलं नसतं. एवढी शांतता मला नको होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला. डबा खाता खाता, हातातली भाकर हातातच असताना, शिवू भिंतीला टेकून झोपली होती. बाईंनी वही बघितली तर पानं कोरी. पोरगी एका जागी बसत होती, पण तिथं ती नव्हतीच.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? सरळ डॉक्टरांना फोन लावला असता. मी काय केलं, तर ड्युटी संपल्यावर उमरग्याच्या बाजारात जैनोद्दीनचाचांच्या दुकानात गेले. चाचा अत्तार आहेत. अत्तरं, लोबान, आणि शंभर डब्यांमधून मुळ्या, साली, बिया, पाला. माझा विचार असा, की शांत व्हायचं औषध जरा जास्त झालंय, तर आता तरतरीचं काहीतरी न्यावं.

"चाचा, लेकराला तरतरी येईल असं काय हाय? दिवसभर झोपायलीय."

चाचांनी तराजू पुढं ओढला. "किती वर्साचं लेकरू?"

"चौथीत हाय. टायरवाल्या इंद्रजितची पोरगी."

चाचांचा हात डब्यात गेला होता तो तिथंच थांबला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"बेटी, बुरा मानू नका. तुमच्या घरात पोरं किती?"

"एकच."

"या अल्लाह," चाचा म्हणाले आणि स्टुलावर बसले. "कस्तुराबाई वेखंड आन् जायफळ नेत्यात. नातीला उगाळून चाटवते म्हणाल्या. इंद्रजितभाऊ आसगंध आन् ब्राह्मीचं चूर्ण नेतो, पोरीला दुधातनं देतो म्हणला. बब्रुवानआप्पा जटामांसी नेत्यात, काढ्याला. जो तो म्हणायचा, चाचा, घरी कळू देऊ नका. मला वाटलं, एकत्र कुटुंब हाय, चुलत भावांची मिळून तीन-चार लेकरं असत्याल. हे सगळं एकाच पोरीच्या पोटात?"

"आन् माझी शंखपुष्पी," मी म्हणाले. माझा मोठा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक.

"यातलं निम्मं झोपंचंच हाय, बेटी." चाचांनी डब्याचं झाकण लावून टाकलं. "माझी बी चुकी हाय. विकताना इचारायला पायजे होतं. आता मी तुम्हाला काय बी देणार न्हाय. पोरीला डाक्टरकडं न्या."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात उकळी फुटली होती. मामी चुलीपुढं भाकरी थापत होत्या, आप्पा बाजेवर, इंद्रजित नुकताच हातपाय धुऊन आलेला. शिवू भिंतीला टेकून बसली होती. मी बॅग खाली आपटली.

"ज्याचं त्यानं काढा भाईर!" एसटी स्टँडवर ऐकू गेलं असेल एवढ्या आवाजात मी ओरडले. "शिवूला चोरून जे जे द्यायलाव ते. आत्ताच्या आत्ता!"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग मीच बॅगेतून सरबताची बाटली काढून मधोमध ठेवली. ती बघितल्यावर इंद्रजितच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तो उठला आणि स्कूटरच्या डिक्कीतून चूर्णाचा डबा घेऊन आला. मामींनी पिठाच्या हातानंच कोनाड्यातली सहाण काढली. वेखंड त्यांच्या पदराच्या गाठीत होतं आणि जायफळ बटव्यात. आप्पा सगळ्यात शेवटी उठले. त्यांनी पटक्याच्या घडीतून कागदाची पुडी काढली, आणि घरभर जटामांसीचा उग्र वास सुटला.

"म्हंजी तुमी बी?" मामींनी आप्पांना विचारलं.

"तू बी की," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या कुठल्या घरात हे घडलं असतं तर मी हसून लोळले असते. मधोमध एवढी औषधं आणि भोवती चार शहाणे. प्रत्येकाला वाटत होतं, पोरगी आपल्याच औषधानं शांत झाली.

"आवं, लेकरू हाय, तिनं तर सांगायचं!" मामी कुणावर तरी चिडायचं म्हणून शिवूवर चिडल्या. "एरवी फ्रीज आला तरी गावाला सांगतीस. मंग ह्ये का न्हाय सांगितलंस?"

शिवूनं डोळे चोळले. "समद्यांनी सांगितलं होतं, सांगायचं न्हाय म्हणून," ती म्हणाली. "आज्जीचं लई कडू हाय, ते सकाळी. आईचं गोड, ते शाळेला जाताना. आप्पाच्या काढ्याचा वास येतो, ते शाळा सुटल्यावर. आन् पप्पाचं दुधातलं, झोपताना. म्या कुणाचं बी कुणाला सांगितलं न्हाय."

"पर का गं?" इंद्रजितनं विचारलं.

"समदी घेतली तर लवकर चांगली होईन की."

चुलीवरची भाकर करपायला लागली होती, ती कुणी उलटवली नाही. ज्या पोरीला दप्तर घरी आणायचं ध्यानात राहत नव्हतं, तिनं चौघांची गुपितं चार ठिकाणी सांभाळली होती. कुठं चुकली नाही. तोंडात तीळ न भिजणारी माझी लेक चांगली व्हायचं म्हणून गप्प राहिली होती. आणि चांगली होशील, असं मीच तिला सांगितलं होतं. म्हणजे आत्ता ती चांगली नाही, असंच तिनं त्यातून ऐकलं. मी तिला उचलून मांडीवर घेतलं आणि रडले. मोठ्यानं रडले, मला दुसऱ्या तऱ्हेनं येत नाही.

सकाळी उठून डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, सगळं बंद करा, आणि जे जे दिलंय ते घेऊन लगेच या. आम्ही गाठोडं बांधून गेलो, या खेपेला पाचही जण. डॉक्टरीणबाईंनी एकेक पुडी उघडून बघितली, किती दिलं, कधीपासून दिलं ते विचारलं, शिवूला तपासलं, रक्त तपासायला पाठवलं. त्या ओरडल्या नाहीत, आणि मला त्यांचं ओरडणं परवडलं असतं.

"झाडपाला म्हणजे औषध नाही असं समजून तुम्ही दिलंत," त्या म्हणाल्या. "पण त्यात गुण असतो म्हणूनच तर ती झोपून राहिली. शांत झाली नव्हती, गुंगीत होती. लक्ष टिकायला यातलं काय किती कामाचं आहे, याचा अजून नीट पुरावा नाही. आणि चार एकत्र दिल्यावर काय होतं, ते तर कुणीच तपासलेलं नाही."

मामींनी डोळ्याला पदर लावला. "मंग आमी काय द्यायचं वो बाई? काय तरी द्यावं वाटतंय की लेकराला."

डॉक्टरीणबाईंनी शिवूच्या विस्कटलेल्या वेणीकडं बघितलं. "डोक्याला तेल लावता का तिच्या?"

"आदी लावायची. बसतच न्हाय म्हणून सोडलं."

"लावा. रोज संध्याकाळी. बसेल तेवढा वेळ. आणि शेतात न्या, पळू द्या. दमून झोपली तर ती झोप तिची स्वतःची."

तेवढ्यात शिवूनं माझी बाही ओढली. "आई, गोळी घ्यायची झाली तर एकच असती का?"

"एकच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आन् कुणाला सांगितलं तर चालतंय?"

"सगळ्यांना सांगितलं तरी चालतं."

"मंग लई सोपं हाय," शिवू म्हणाली. आप्पांनी पटका सारखा करायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. पोरीच्या अंगातली गुंगी उतरायला काही दिवस गेले. मी रोज वाट बघायची, आणि माझी मलाच गंमत वाटायची. जी बडबड थांबावी म्हणून चोरून सरबत पाजलं, तिचीच आता वाट बघत होते. एका सकाळी दात घासता घासता तिनं विचारलं, "आई, म्हशीला गुदगुल्या होत्यात का?" मला उत्तर माहीत नव्हतं. मी तिचा मुकाच घेतला, पेस्टच्या फेसासकट.

शाळेत आता ती पुढच्या बाकावर बसते. चार गणितं झाली की बाई तिला फळा पुसायला उठवतात. विसरते अजून, चप्पल परवाच हरवली. संध्याकाळी मामी तेलाची वाटी घेऊन बसतात आणि शिवू त्यांच्या पुढ्यात बसते. केसांत बोटं फिरत असली की तिचा पाढा शेवटापर्यंत जातो. मामी म्हणतात, तेलाचा गुण. मी वाद घालत नाही.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं येळवस असते. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रानं भरतात. आम्हीही गेलो. कडब्याची कोप, म्हणजे खोपट, उभी केली, आत पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा केली. मामींनी शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणली होती, आणि ताकात शिजवलेली अंबील मातीच्या बिंदग्यात भरून आणली होती. पूजा झाली की ती अंबील रानभर शिंपडत एक फेरा मारायचा असतो. दरवर्षी हे काम आप्पांचं. यंदा त्यांनी तांब्या शिवूच्या हातात दिला.

"आप्पा, ती निम्म्यात सोडून येईल," इंद्रजित म्हणाला.

"येऊ दे की. परत जाईल."

शिवू ज्वारीच्या कडेनं सुटली. "ओलगे ओलगे, सालन पलगे!" ही फेऱ्याची जुनी आरोळी देताना तिचा आवाज शेजारच्या रानापर्यंत जात होता आणि तिथली माणसं तिकडून साद देत होती. हरभऱ्याच्या तुकड्यापाशी ती थांबली, वाकून काहीतरी बघत बसली, मग आठवण झाली तशी परत पळाली. निम्मी अंबील तिच्या फ्रॉकवर सांडली असेल. मी बांधावर उभी राहून बघत होते. गोळीचं अजून ठरायचं आहे. पुढच्या महिन्यात जायचंय. लागली तर देऊ, आणि सगळ्यांच्या समोर देऊ.

फेरा संपवून ती धापा टाकत कोपीत शिरली. आत आप्पा एकटेच जेवत बसले होते, आम्ही बाकीचे बाहेर पानं मांडत होतो. आप्पांना साखरेचा आजार आहे आणि खीर त्यांना मोजून द्यायची, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. आत थोडी कुजबुज झाली. मग कडबा सळसळला आणि शिवूचं डोकं बाहेर आलं.

"आई!" ती साऱ्या रानाला ऐकू जाईल अशी ओरडली. "आप्पांनी खीर परत घेतली, वाटी भरून! आन् म्हणायलेत, सांगायचं न्हाय!"

मामी पळी घेऊन कोपीकडं धावल्या. आप्पा आतून "आगं ए, आगं ए" करत होते. इंद्रजित बांधावर बसून पोट धरून हसत होता.

"शाबास माझी वाघीण," मी म्हणाले, आणि तिच्या फ्रॉकवरची अंबील पदरानं पुसायला लागले. पुसून व्हायच्या आत ती निसटून पळालीसुद्धा.